शोप्रोन, मार्गे बिशान

प्रवासवर्णन लिहायचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या आधी आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. विमानात मी एकदाच बसलो, तेही जाऊन-येऊन. शिवाय ज्या गावाबद्दल मला सांगायचं आहे त्या गावी मी गेलेलोच नाही. गेलो सिंगापूरला, आणि तिथंही बघण्यासारखं जे जे असतं त्यातलं अर्धंअधिक मी वैतागलेल्या अवस्थेत पाहिलं. तरीही वार्षिकांकाच्या संपादकांनी ‘लिहाच’ म्हणून लकडा लावला. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

त्या गावाचं नाव शोप्रोन. हंगेरीच्या पश्चिम टोकाला आहे, आणि नकाशावर बघितलं तर ऑस्ट्रियाच्या कुशीत कुणीतरी बोट खुपसल्यासारखं दिसतं. पहिल्या महायुद्धानंतर तो सगळा पट्टा ऑस्ट्रियाला द्यायचं ठरलं होतं. गावात जर्मन बोलणारे पुष्कळ, हंगेरियन बोलणारेही पुष्कळ. भांडणं झाली, बंदुका निघाल्या, आणि शेवटी डिसेंबर १९२१ मध्ये लोकांनाच विचारलं गेलं, तुम्हाला कुठं राहायचंय? शहरानं हंगेरी म्हटलं. आजूबाजूच्या बऱ्याच खेड्यांनी ऑस्ट्रिया म्हटलं, पण एकूण बेरजेत हंगेरी जिंकली. मतदानात गडबड झाल्याची ऑस्ट्रियाची तक्रार होती. हंगेरीनं मात्र शहराला ‘सर्वात निष्ठावान’ अशी पदवी देऊन टाकली.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरासमोरचा ओढा ओलांडला की महाराष्ट्र, आणि अलीकडं आम्ही, कर्नाटकात. घरात मराठी, रेशनकार्ड कन्नड. ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. पिठाच्या गिरणीत दळण टाकायला आलेली माणसं माझ्या वडिलांना ते ऐकवायची, आणि वडील गिरणीच्या आवाजात मान हलवायचे. त्यामुळं कोल्हापूरला एम.ए. करताना कुठंतरी लोकांना खरोखर विचारलं होतं हे वाचलं, तेव्हा मला त्या शोप्रोनकरांचा हेवा वाटला. प्रबंधाला मी नाव दिलं, ‘जिथे लोकांना विचारलं’. विचारलेली माणसं सुखी असतात, असं मला सिद्ध करायचं होतं. आता लिहितानाही संकोच वाटतो, पण खरंच असं होतं.

सिंगापूरच्या एका विद्यार्थी परिषदेत माझा निबंध घेतला गेला. राहायची सोय आमच्या सरांच्या भाच्याकडं, भूषणदादाकडं झाली. भूषणदादा मूळ पुण्याचा, सिंगापुरात आयटीत मॅनेजर आहे. फोनवर तो सरांना सहज म्हणाला, “मामा, हे शोप्रोन म्हणजे आमच्या ऑफिसातल्या पीटरच्या आईचं गाव. ती इथंच असते, बिशानला.”

सरांनी मला बोलावून घेतलं. “संदेश, परिषद गेली खड्ड्यात,” ते म्हणाले. “त्या बाईंना भेट.”

टॅम्पिनीस

भूषणदादाचा फ्लॅट टॅम्पिनीसला, अकराव्या मजल्यावर. केतकीवहिनींनी माझा कार्यक्रम फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. पाण्याचा फवारा सोडणारा सिंह, मोठी बाग, प्राणिसंग्रहालय, पुन्हा एक बाग. ‘परिषद’ आणि ‘पीटरची आई’ हे दोन्ही एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत होते.

“वहिनी, मला आधी पीटरच्या आईंना भेटायला हवं.”

“भेटशील रे. त्या काय पळून जातायत? पोहे घे.”

“नको, पोट भरलं.”

त्यांनी डावभर वाढले. मी ‘नको नको’ म्हणत ताटावर हात आडवा धरला, तर हाताच्या बाजूनं वाढले. आमच्याकडंही हीच रीत आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा हात बाजूला घ्यायचा. पहिल्या हाकेला घेतलं तर माणूस हावरट दिसतो, असं आईनं लहानपणीच शिकवलंय. केतकीवहिनी मात्र तिसऱ्या खेपेपर्यंत थांबतच नव्हत्या.

आईनं त्यांच्यासाठी अनारसे दिले होते. निघण्याआधीच वहिनींनी फोन करून बजावलं होतं, खसखस लावलेले आणू नकोस, इथं खसखशीला बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. आईला ते पटलंच नव्हतं. “खसखशीला बंदी? मग त्यास्नी दिवाळी असती की न्हाई?” शेवटी बिनखसखशीचे अनारसे केले आणि डबा बंद करताना म्हणाली, “बोडके दिसत्यात रं.”

त्यांची मुलगी सई दुसरीत आहे. तिनं एक अनारसा उलटसुलट करून पाहिला. “दादा, धिस वन कुकी का?”

“मराठीत बोल,” वहिनी म्हणाल्या.

“मराठीत कुकीला काय म्हणतात, आय डोन्ट नो ला,” असं म्हणून तिनं तो खाल्ला आणि न विचारता दुसरा घेतला.

बिशान

शेवटी पीटरकडून निरोप आला. आई उद्या सकाळी भेटेल. मी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, एकटाच गेलो. वहिनी उठायच्या आत निघालो, कारण उठल्या असत्या तर पोहे झाले असते.

दार पीटरनं उघडलं. पन्नाशी ओलांडलेला, उंच, शांत माणूस. तो जर्मनीत वाढला आणि सिंगापूरची मुलगी करून तिथंच राहिला. वडील गेल्यावर आईला घेऊन आला. मला बसवून तो आतल्या खोलीत कामाला लागला. आई समोर येऊन बसल्या. ठेंगण्या, ताठ, केस अगदी पांढरे. ‘मार्गित नेनी म्हण,’ असं पीटरनं सांगून ठेवलं होतं. हंगेरीत वडीलधाऱ्या बाईला नावापुढं नेनी लावतात, आपण शांता मावशी म्हणतो तसं. इतकं आपलं वाटणारं काही ऐकून मी निर्धास्त झालो, आणि तिथंच फसलो.

टेबलावर कप मांडलेले होते. जाळीच्या झाकणाखाली अक्रोड भरून गुंडाळलेल्या केकच्या चकत्या होत्या. माझ्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं.

“कॉफी घेणार?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“नको, थँक्यू.”

“केक?”

“नको नको, खरंच नको.”

आता तिसऱ्यांदा विचारतील म्हणून मी हात बाजूला घ्यायच्या तयारीत बसलो. मार्गित नेनींनी माझ्याकडं एकदा पाहिलं, ट्रे उचलला आणि आत गेल्या. कप कपाटात परत ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मग त्या येऊन खुर्चीच्या काठावर बसल्या. “विचार, काय विचारायचंय.”

मी विचारत गेलो आणि त्या बँकेच्या खिडकीत बसल्यासारखी उत्तरं देत गेल्या. जन्म शोप्रोनचा. घरात जर्मन, शाळेत हंगेरियन. द्राक्षमळा होता. १९४६ मध्ये गाव सोडलं.

“मतदानाबद्दल घरी बोलणं व्हायचं?”

“व्हायचं.”

“तुमच्या आजोबांनी कुणाला मत दिलं होतं?”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. “तुला उशीर होत असेल.”

मला अजिबात उशीर होत नव्हता. तरी मी उठलो, कारण वडीलधाऱ्यांनी असं म्हटल्यावर बसून कसं राहणार? लिफ्टपाशी उभा राहून मी स्वतःवर इतका चिडलो की लिफ्ट येऊन परत गेली.

परिषद

परिषदेबद्दल फार लिहीत नाही. एसी इतका होता की बोलताना माझे दात वाजत होते. निबंध वाचून झाल्यावर एका मलेशियन मुलीनं हात वर केला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “तुम्ही म्हणता लोकांना विचारलं गेलं. पण तुमच्या निबंधात त्या गावचा एकही माणूस बोलत नाही. तुम्ही कुणाला विचारलंत?”

मी म्हटलं, विचारतो आहे. सगळे हसले. मला काही विनोद करायचा नव्हता.

तोआ पायोह

दुसऱ्या दिवशी भूषणदादानं तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बोलावलं. आपल्याकडं यात्रेत असतात तशी ओळीनं खाण्याची दुकानं, मध्ये टेबलं, आणि बसायला जागा नाही. एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून ते उचलून मी पुढं चाललेल्या एका आजोबांच्या मागं धावलो. त्यांनी मान हलवून ‘नो, नो’ म्हटलं. दुसऱ्या एका बाईंना विचारलं. तेवढ्यात पहिल्या टेबलाशी एक माणूस हातात दोन वाट्या घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडं असा बघू लागला की मी त्याचं घरच उचललंय.

भूषणदादानं माझ्या हातून पाकीट घेऊन त्याची माफी मागितली. “अरे, ते जागा धरायला ठेवतात!”

हे मला कळायला हवं होतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

टेबलाशी भूषणदादाचे एक मित्र होते, मुंबईचे, बँकेतले, आता तिथलेच नागरिक झालेले. त्यांनी माझी विचारपूस केली. “हंगेरी का? बुडापेस्ट छान आहे. युरोप टूरमध्ये अर्धा दिवस होतो आम्ही. पण इतिहास करून पुढं काय करणार? एमपीएससी दे.”

“मी कर्नाटकातला आहे, काका.”

“मग केपीएससी दे.”

“कन्नडचा पेपर...”

“अरे शिकायची की! मी नाही का इथं चायनीज बोलतो? थोडं बोलतो.”

“‘तिखट कमी’ एवढंच येतं त्याला,” भूषणदादा म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोरचं नूडलचं पाणी गार होत होतं. तेवढ्यात पीटर त्याची प्लेट घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसला. त्याला पाहून मला आणखीच अवघडल्यासारखं झालं.

“आई तुझ्याबद्दल विचारत होती,” तो म्हणाला. “तिला वाटतं तू रागावलास.”

“मी? कशाला?”

“तू काही खाल्लं नाहीस. तिनं पहाटे उठून केक केला होता. तू दोनदा नाही म्हणालास. ती म्हणाली, या मुलाला बसायचं नाही, फक्त माहिती न्यायची आहे. मग तिनं तेवढीच दिली.”

भूषणदादानं कपाळावर हात मारला आणि तिथूनच वहिनींना फोन लावला. पलीकडून वहिनींचा आवाज मला नीट ऐकू येत होता. “नको म्हणजे नको नसतं हे त्या बिचारीला कसं कळणार? संदेशला म्हणावं, उद्या मी येते बरोबर. आणि तोंड उघडायचं नाही, खायचं.”

पुन्हा बिशान

केतकीवहिनींनी जाताना फुलं घेतली. दाराशी मार्गित नेनींनी ती हातात घेऊन मोजली, एक फूल काढून वेगळ्या पेल्यात ठेवलं आणि बाकीची फुलदाणीत लावली. आमचे चेहरे बघून म्हणाल्या, “समसंख्येत फुलं आम्ही थडग्यावर वाहतो. मी अजून इथं आहे.”

वहिनींनी जीभ चावली. मग दोघीही हसल्या.

कॉफी आली. “केक?” हा शब्द त्यांच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत मी “हो” म्हणालो. घास घेताना आईचा चेहरा समोर आला, पण घेतला. दुसरी चकती तर मागूनच घेतली. मार्गित नेनींनी खुर्ची पुढं ओढली आणि या वेळी पाठ टेकून बसल्या.

“खरा केक खसखशीचा असतो,” त्या म्हणाल्या. “पण इथं खसखस आणली तर मला तुरुंगात टाकतील. या वयात.”

“मलाही अनारसे बोडकेच मिळाले!” वहिनी म्हणाल्या, आणि पुढचा बराच वेळ खसखशीवर गेला. कुठून मागवता येते का, दुसरं काय चालतं, तीळ लावून बघितले का. मला वाटलं, आजचाही दिवस गेला. मी आतल्या आत चरफडत होतो. पण खसखशीवरूनच त्या नाताळावर आल्या, नाताळावरून घरावर, आणि घरावरून आजोबांवर.

“तू आजोबांबद्दल विचारलंस,” त्या माझ्याकडं वळल्या. “ऐक. आमच्या घरी दोन माणसं एकाच चुलीवरचं खात होती आणि बोलत नव्हती. माझे वडील आणि आजोबा. १९४१ ला जनगणना झाली. मातृभाषा कोणती म्हणून विचारलं. आजोबांनी खरं ते सांगितलं, जर्मन. युद्ध संपल्यावर त्याच उत्तरावरून ठरलं कुणाला घालवायचं. आम्हाला मालगाडीच्या डब्यात घालून बव्हेरियाला पाठवलं. मी तेव्हा तुमच्या सईएवढी असेन. एका शेतकऱ्याच्या घरातली एक खोली मिळाली, सगळ्यांना मिळून एक. तिथं वडील आजोबांना म्हणाले, तुम्ही त्या वेळी हंगेरीला मत दिलंत म्हणून आज आपण इथं आहोत. शोप्रोन ऑस्ट्रियात गेलं असतं तर आपण आपल्या घरात असतो.”

“मग आजोबा काय म्हणाले?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही. कधीच काही म्हणाले नाहीत. पुढं ते गेले. वडील त्यांच्या मातीला आले, पण टोपी न काढता उभे राहिले; आमच्यात तो मेलेल्याचा अपमान. नंतर वडीलही गेले, त्याच रागात. आणि मला अजून माहीत नाही की आजोबांनी खरंच हंगेरीला मत दिलं का. आई म्हणायची, ऑस्ट्रियाला दिलं असेल, ते मनातून जर्मन होते. काका म्हणायचा, हंगेरीला, ते हंगेरीतली द्राक्षांची गिऱ्हाइकं बघून चालायचे. मी मरायच्या आधी मला एवढं कळायला हवं. वडिलांचा राग खरा होता की खोटा, एवढंच.”

माझ्या हातात केकचा तुकडा तसाच होता. ‘विचारलेली माणसं सुखी असतात’ हे मी कोल्हापूरच्या वाचनालयात बसून लिहिलेलं वाक्य मला आठवलं, आणि मला माझाच राग आला. यांना दोनदा विचारलं होतं. पहिल्या उत्तरानं बाप-लेक तुटले, दुसऱ्यानं गाव.

“आता हे कुणाला माहीत असेल?” मी भीतभीत विचारलं.

“रेझीला. माझी मोठी बहीण. बव्हेरियात असते. आजी तिच्याकडंच राहिली शेवटपर्यंत. पण रेझी फोन घेत नाही. ऐकू येत नाही आणि यंत्र लावत नाही. म्हणते, कानात शिट्टी वाजते.”

त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. तो वाजत राहिला. मार्गित नेनींनी माझ्या बशीत न विचारता तिसरी चकती ठेवली.

राहिलेले दिवस

त्यानंतर मी पाण्याचा फवारा सोडणारा सिंह पाहिला, बाग पाहिली, दुसरीही बाग पाहिली. सगळं सुंदर होतं असं भूषणदादाच्या फोनमधले फोटो सांगतात. फोटोत मी प्रत्येक ठिकाणी खाली, हातातल्या मोबाइलकडं बघतोय. रोज पीटरला विचारायचो आणि रोज उत्तर यायचं, रेझी फोन घेत नाही. एकदा उत्तर आलं की तिनं फोन घेतला, ‘हॅलो, हॅलो, कुणी बोलत नाही’ असं म्हणाली आणि ठेवून दिला.

“शेजाऱ्यांना सांगा ना कुणाला तरी,” मी म्हणालो.

“शेजाऱ्यांशी तिचं भांडण आहे,” पीटर म्हणाला.

“पत्र पाठवा.”

“पाठवलंय. चष्मा सापडत नाही म्हणते.”

“पण हे ‘म्हणते’ ती कुणाला?”

“पोस्टमनला. तो मला सांगतो.”

निघायच्या दिवशी केतकीवहिनींनी डबा दिला. मी पहिल्याच वेळी ‘द्या’ म्हणालो. त्या क्षणभर डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “असं पटकन हो म्हणालास की वाढायची मजाच जाते रे,” त्या म्हणाल्या.

घरी

आईनं विचारलं, “काय बघितलंस?” मी म्हटलं, एक म्हातारी. “आणि इतक्या लांब जाऊन?” म्हणत तिनं विड्यांचं सूप पुढं ओढलं आणि वळायला बसली. वडिलांना मी शोप्रोनची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी गिरणी बंद करून ऐकली, असं ते कधी करत नाहीत. ऐकून म्हणाले, “म्हंजी विचारलं तरी पंचाईतच.”

प्रबंध मी नव्यानं लिहायला घेतला. नाव बदललं. मार्गित नेनींच्या परवानगीनं त्यांची हकीकत घातली. फक्त आजोबांच्या मताची जागा रिकामी राहिली. जमा करायची वेळ जवळ येत गेली तसा मी भूषणदादाला इतके मेसेज केले की त्यानं शेवटी लिहिलं, ‘अरे, माझा काय संबंध त्या म्हातारीच्या कानाशी!’ सर म्हणाले, ‘माहीत नाही’ असं लिही, इतिहासात तेही चालतं. मी तसं लिहिलं. सरांना चाललं, मला काही केल्या चालत नव्हतं.

प्रबंध जमा करून झाला, आणि त्यानंतर एका सकाळी भूषणदादाकडून आधी सूर्यफुलाचं ‘शुभ सकाळ’ आलं. त्याच्या खाली मार्गित नेनींचा आवाज होता. कपात चमचा फिरल्याचाही आवाज येत होता.

“मुला, रेझीनं कानाचं नवं यंत्र लावलं. मी विचारलं. ऐक आता. आजोबांनी मत दिलंच नाही. कुणालाच नाही. त्या दिवशी आमच्याकडं डुक्कर कापायचं होतं. कापणारा माणूस गल्लीत घरोघर पाळीनं यायचा. पाळी चुकली असती तर आमचा नाताळ कोरडा गेला असता. दिवसभर आजोबा डुकराच्या मागं. संध्याकाळी सॉसेज उकळायला ठेवली, शेजारी जमले, दारू निघाली, आणि मतदान बंद झालं तेव्हा आजोबा चुलीपाशी झोपले होते. गावात सगळे निष्ठावान झाले आणि आपण राहिलो, याची त्यांना इतकी लाज वाटायची की मुलाचा राग त्यांनी मरेपर्यंत सोसला, पण हे काही सांगितलं नाही. आजीनं रेझीला सांगितलं होतं.”

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या पुढं म्हणाल्या,

“मी रेझीवर ओरडले. म्हटलं, सगळं आयुष्य गेलं, तू हे आम्हाला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, मला कुणी विचारलंच नाही.”